नकाराचं बटण

१

माईंची अंगठी मंगळवारी गेली आणि चिमणीची नोकरी बुधवारी सकाळी आठला. मधल्या वेळात माझी मान एकदा आडवी हलली आणि एकदा उभी. या प्रकरणात माझा हात एवढाच. कमी करून सांगत नाही; होता तेवढाच, आणि तेवढा पुरला.

आमच्या ओळीत सहा घरं. पुढे रस्ता, मागे सगळ्यांची मिळून एक बाग. माझं घर कोपऱ्यातलं. शेजारी माई, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा दातांचा डॉक्टर, त्याचा दवाखाना चौकापलीकडे. सूनबाई ग्रंथालयात कामाला. माईंचं वय शहाऐंशी, म्हणून दिवसभर त्यांच्यापाशी चिमणी असायची. हे नाव माईंनीच ठेवलेलं. बाई चाळिशीची, अंगानं बारकी, आणि एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ.

मंगळवारी संध्याकाळी सातला सूनबाई माईंच्या हातांना क्रीम चोळायला बसली, तर बोट रिकामं. अंगठी सोन्याची, बारीक, लग्नापासून बोटात. बोटं वाळली तशी ती सैल झाली, म्हणून आतून दोरा गुंडाळलेला होता. घर उलटंपालटं केलं. माईंना विचारलं तर म्हणाल्या, "होती की." दुपारी चार ते पाच माई बागेत खुर्चीवर बसल्या होत्या, म्हणून बुधवारी साडेसातला डॉक्टर माझ्या दारात.

"काकू, तुमचं ते यंत्र जरा बागेत फिरवता का?"

ते यंत्र म्हणजे धातू शोधायचा डिटेक्टर. तीन आठवड्यांपूर्वी मी तो जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला होता. मला रोज चालायला सांगितलंय, आणि नुसतं चालायचा मला कंटाळा. दुकानात पंख्याच्या आणि इस्त्रीच्या मध्ये हा उभा होता. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर तीन बटणं, मुठीला चिकटपट्टी. माहितीचं पुस्तक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "शिकाऊ लोकांसाठीच आहे, आजी. चालू करा आणि फिरवा."

मी चालू केला आणि बुधवारी फिरवला. चकती खुर्चीखालून, वाफ्याच्या कडेनं, भिंतीपर्यंत नेली. बाटल्यांची तीन झाकणं निघाली. डॉक्टर, सूनबाई, चिमणी आणि कात्री हातात धरून माळीदादा, चौघं कडेला उभे. माईही दारात दुसऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"आहे की नाही, तेवढं सांगा, काकू," डॉक्टर म्हणाला.

मी पहाटेपासून नऊपर्यंत मौन पाळते. तेवीस वर्षं झाली, ओळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी मान आडवी हलवली.

"म्हणजे बागेत नाही, घरात नाही. मग राहिलं काय?" डॉक्टर कुणाकडेच न बघता बोलला, आणि कुणाकडेच न बघता बोललं की ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं.

चिमणीनं आपली पिशवी स्वतःच गवतावर उपडी केली. डबा, कंगवा, बदलायचे कपडे. अंगठी नव्हती. "पिशवीत ठेवायला कुणी खुळं नसतं," असं माळीदादा पुटपुटला, ते तिनं ऐकलं. मग ती माझ्यासमोर आली.

"काकू, तुम्ही नीट बघितलंत ना?"

निकडीच्या वेळी लिहायला माझ्या दाराशी एक पाटी टांगलेली असते. दहा पावलांवर होती. 'यंत्र मला अजून नीट येत नाही' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी मान उभी हलवली.

२

दुपारी सूनबाईकडून कळलं की डॉक्टरनं सेवा केंद्राला फोन केला. चिमणी तिथूनच आलेली. केंद्राच्या बाईंनी फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. शनिवारी बारा वाजता गावातल्या बाकीच्या केंद्रांना तसं कळवणार होत्या.

"एकदा कळवलं की संपलं. मग तिला कुणी दारात उभं करत नाही," सूनबाई म्हणाली. एवढं सांगून ती गॅलरीतली वाळलेली चादर पुन्हा झटकत राहिली.

मी जेवायला बसले, तरी चिमणीचा प्रश्न कानात होता. नीट बघितलंत ना. मला नीट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

गुरुवारी दहाला दुकानदाराकडे गेले आणि यंत्र आधी कुणाचं होतं ते विचारलं. एका निवृत्त पोस्टमनचं, दोन गल्ल्या पलीकडे. गुडघे गेले म्हणून विकलेलं. माणूस अंगणात पाय पसरून बसला होता. यंत्र बघितलं तसा म्हणाला, "अरे, आली का पोरगी माहेरी?"

मी विचारलं, "हे कसं वापरायचं?"

"आता विचारता? किती दिवस झाले घेऊन?"

"तीन आठवडे."

"काय काय सापडलं?"

"पन्न्या," मी म्हटलं. "चंदेरी कागदाचे तुकडे. पहिल्या दोन दिवसांत सव्वीस. प्रत्येक वेळी गुडघे टेकून खणायचं आणि हातात पन्नी. सगळी ओळ गॅलरीत उभी राहून बघायची. तिसऱ्या घरचे रोज विचारायचे, काकू, हंडा लागला का, आम्हाला विसरू नका हं."

"मग?"

"मग मी मधलं बटण फिरवून बघितलं. पन्न्यांवर वाजायचं बंद झालं. बाटल्यांची झाकणंच काय ती सापडायला लागली. खणायचं कमी झालं, हसायचंही."

पोस्टमननं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कुठपर्यंत फिरवलंत?"

"पार शेवटपर्यंत."

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, तुमच्या बोटातली ती अंगठी काढा. टाका इथं गवतात. आता फिरवा तुमचं यंत्र, बटण आहे तिथंच ठेवून."

मी फिरवलं. चकती माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच अंगठीवरून दोनदा गेली.

यंत्र गप्प राहिलं.

३

"हे नकाराचं बटण," पोस्टमन सांगत होता. "काय काय नको ते याला सांगायचं. पण याला पन्नी आणि बारीक सोनं एकाच आवाजात ऐकू येतं. पन्नीला नको म्हटलंत की सोन्यालाही नको म्हटलंत. सगळे नवशिके हेच करतात. पन्न्या उपसून कंटाळतात, बटण पिळतात, आणि वर्षभर झाकणं गोळा करतात."

"माझ्या नकारानं एका बाईची नोकरी गेली," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यानं मला धीर दिला नाही, ते बरं केलं.

"त्या सव्वीस पन्न्या कुठायत?" त्यानं एवढंच विचारलं.

"बिस्किटाच्या डब्यात. मातीचे गोळेच आहेत नुसते."

"धुतल्या नाहीत? बाई, जे खणलं ते धुवायचं. काय सापडलं तेच बघायचं नसेल तर खणायचं कशाला?"

खरं होतं. लाजेच्या भरात मी एकही पन्नी नीट बघितली नव्हती, तशीच मूठ डब्यात रिकामी करायची. घरी आले, डबा परातीत पालथा केला आणि नळाखाली एकेक चोळून काढली.

आठ चॉकलेटच्या होत्या. बाकीच्या अठरा एकसारख्या. गोळ्यांच्या पाकिटातून कात्रीनं कापलेले नीट चौकोन, प्रत्येक नखाएवढा. आणि प्रत्येक चौकोनाला मध्ये एक टेंगूळ. मी एक फोडला.

आत गोळी होती, पांढरी आणि अख्खी. दुसऱ्यातही होती, आणि तिसऱ्यातही.

त्या मी कुठं खणल्या होत्या ते मला पक्कं आठवत होतं, कारण तिथंच सगळ्यांत जास्त हसले होते लोक. भिंतीलगत, माईंच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, हातभर जागेत.

बटण पार उलटं फिरवून मी बागेत गेले आणि तो सगळा कोपरा पुन्हा पिंजून काढला. नव्या अकरा पन्न्या निघाल्या, सगळ्या गोळ्यांच्या. अंगठी नाही.

म्हणजे बुधवारचा माझा नकार खराच होता. अंगठी गवतात नव्हतीच. हे कळल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मात्र जास्त वेळ टिकली.

४

माळीदादा बुधवारनंतर आलाच नव्हता. शुक्रवारी दहानंतर मी त्याच्या घरी गेले. तो दारातच आडवा उभा राहिला.

"माझीपण पिशवी बघायचीय का?"

"नाही. मला बागेबद्दल विचारायचंय. माईंच्या खुर्चीपाशी जमिनीत काही वेगळं दिसलं का तुम्हाला?"

त्याचा चेहरा सैल झाला. "उंदीर, काकू. महिनाभर भोकं पाडत होते. बोटभर रुंद, सरळ खाली. बुजवलं की दुसऱ्या दिवशी शेजारी नवीन. आता बंद झालीत पंधरा दिवस. मी औषध घातलं ना."

"औषध कधी घातलं?"

"घातलं... गेल्या सोमवारी."

"म्हणजे चार दिवसांपूर्वी. आणि भोकं पंधरा दिवसांपूर्वीच बंद?"

त्यानं बोटं मोडली. "उंदरांना आधीच कळलं असेल."

"आणि मंगळवारी दुपारी बागेत आणखी काही काम केलंत?"

"काम कसलं? कुंड्यांना पाणी घातलं. मग डॉक्टरांनी हाक मारली..." तो थांबला, आणि एकदम दार लोटून घ्यायला लागला. "मला यात ओढू नका, काकू. मी गरीब माणूस आहे."

तो काय लपवतोय ते कळेना. तिथून मी ग्रंथालयात गेले. सूनबाई पुस्तकांना शिक्के मारत होती. मला बघून तिनं आवाज खाली घेतला.

"काकू, अंगठीच्या आतला दोरा मीच गुंडाळला होता. घट्ट होता. आपोआप निघण्यासारखी नव्हती ती."

"बोट कशात खुपसलं तर?"

"खुपसलं तर निघेल. पण माई बोट कशात खुपसणार?" आणि बोलता बोलता तिचा शिक्का हवेतच राहिला. "मंगळवारी त्यांच्या नखात माती होती. क्रीम लावताना मीच काढली. अंगठीच्या गडबडीत विसरले."

"नख कुठल्या बोटाचं?"

"अंगठीच्याच हाताची. दोन-तीन बोटं होती."

"माईंना दुपारी कसली गोळी असते?"

"पायांच्या सुजेची, चार वाजता. माईंना तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी दिलेली. पण काही उपयोग नाही बघा तिचा. मागच्या महिन्यात सपाता बसेनात म्हणून एक माप मोठ्या आणल्या." तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "काकू, तुम्ही हे का विचारताय?"

"माई काठी वापरायच्या ना? ती दिसली नाही बुधवारी."

"ती बंद केली. आता चार पायांचा वॉकर आहे, पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. 

५

घरी जाताना मी एकेक धागा ओढून बघितला. माई गोळी घेत नव्हत्या. काठीनं जमिनीत भोक पाडायचं, गोळी पन्नीसकट आत टाकायची, पायानं माती सरकवायची. पंधरा दिवसांपूर्वी काठी गेली आणि भोकं थांबली. उंदीरही गेले. पण माईंनी गोळ्या घ्यायला सुरुवात केली असती तर सूज उतरली असती. म्हणजे जागा बदलली होती. वॉकरला धरून वाकता येत नाही, तेव्हा खुर्चीत बसून हात पोचेल अशी माती हवी, आणि काठी नाही म्हणून भोक बोटानं. नखात माती त्याचीच.

खुर्चीच्या हाताला लागून कुंडी ठेवलेली असायची. माळीदादानं मंगळवारी कुंड्यांना पाणी घातलं होतं. ओल्या मातीत बोट सहज जातं आणि अंगठी सहज निघते.

मी बागेत गेले. खुर्ची होती. शेजारी गवतावर एक गोल पिवळा डाग होता, आणि त्यावर कुंडी नव्हती.

बुधवारी मी त्याच डागावरून चकती फिरवली होती.

माई आत खाटेवर होत्या. केंद्राची नवीन बाई अजून आली नव्हती. मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि आधी माझं सांगितलं. बटण, पाटी, मान हलवली ते. सांगताना वर बघवेना.

"तुला बोलता येत होतं," माई म्हणाल्या.

"हो."

"मौनाचं निमित्त."

"हो, माई."

त्यांनी पांघरुणाचं टोक चोळलं. मी ओंजळीतल्या पन्न्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, नुसत्या बाजूला सारल्या.

"ती गोळी घेतली की दर दहा मिनिटांनी उठावं लागतं," त्या म्हणाल्या. "मला तिथपर्यंत पोचायला होत नाही. दोनदा वाटेतच झालं. चिमणीनं पुसलं, काही बोलली नाही. ती काही बोलली नाही ना, तेच मला सहन होईना. शहाऐंशी वर्षांची मी, आणि माझ्यामागं ती फडकं घेऊन. म्हटलं, नकोच ती गोळी. मी गोळी हातात मागून घ्यायची, म्हणायचे मी फोडते. ती पाणी आणायला गेली की..." त्यांनी बोट खाली दाबल्यासारखं केलं.

"अंगठी कुंडीत पडली हे तुम्हाला कळलं होतं?"

त्यांनी आपलं रिकामं बोट बघितलं.

"संध्याकाळी कळलं. सांगितलं असतं तर गोळ्यांचं निघालं असतं. वाटलं, सकाळी हळूच बोट घालून काढीन. सकाळी कुंडीच नव्हती. मग तू आलीस ते घेऊन. वाटलं, हिला सापडेल कुठंतरी, मला बोलावं लागणार नाही."

म्हणजे बुधवारी बागेत बोलू शकणाऱ्या दोन बायका होत्या, आणि दोघी गप्प होत्या.

"कुंडी कोणी नेली, माई?"

"मला काय ठाऊक? मी आत होते."

पण माळीदादा बोलता बोलता कुठल्या शब्दावर अडला होता ते मला आठवलं. मग डॉक्टरांनी हाक मारली. गरीब माणूस दार लोटून घेतो तो चोराला घाबरून नाही. ज्याचं नाव घ्यायला नको त्याला घाबरून.

६

शनिवारी सव्वाआठला मी दवाखान्यात गेले. यंत्र खांद्याला होतं. दोन माणसं गाल धरून बसली होती. कोपऱ्यात, लोखंडी तिवईवर, मोठ्या हिरव्या पानांची कुंडी.

डॉक्टर हातमोजे घालत बाहेर आला. "काकू? तुमचं मौन असेल ना आता? नऊनंतर या, म्हणजे बोलता येईल."

"आत्ताच बोलते," मी म्हटलं.

तो हातमोजा अर्धा घालून थांबला. तेवीस वर्षांत या वेळी माझा आवाज त्यानं ऐकला नव्हता, मीही नाही. 

"ही कुंडी कधी आणलीत?"

"मंगळवारी. पाचला माळीदादानं गाडीत ठेवली. इथं कोपरा ओकाबोका दिसत होता. का?"

"ती त्या लाकडी स्टुलावर ठेवा. तिवई लोखंडी आहे, तिच्यावर हे उगाच ओरडेल."

का ते न विचारता त्यानं ठेवली. मी मधलं बटण उलटं, पार शून्यावर नेलं आणि चकती कुंडीच्या अंगानं धरली. यंत्र वाजलं. वरून धरली, पुन्हा वाजलं. गाल धरलेल्यांपैकी एकानं हात खाली घेतला.

वर्तमानपत्र पसरून डॉक्टरनं कुंडी त्यावर आडवी केली. माती सुटली तशा पन्न्या बाहेर आल्या, चौदा चौकोन. त्यांतली एकेक तो उलटीसुलटी करून बघत होता, आणि त्याला काय दिसतंय ते मी हळूहळू सांगत होते. काठी, वॉकर, सूज. माईंना लाज कशाची वाटली तेही सांगितलं, पण रुग्णांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. ते सांगायची परवानगी मी आदल्या दिवशी माईंकडून मागून घेतली होती. त्यांनी ती दिली, आणि तोंड फिरवलं होतं.

चौदाव्या पन्नीखाली मुळांत अडकलेला दोरा होता, आणि दोऱ्यात अंगठी.

डॉक्टर खाली फरशीवर बसला. हातमोजे मातीचे झाले होते. "मीच गाडीत घालून आणली," तो म्हणाला. "आणि मीच फोन केला."

"फोनच्या आधी माझी मान होती."

"पण काकू, तुमचं तर बरोबरच होतं. अंगठी बागेत नव्हतीच."

सुटकेची ही वाट मला गुरुवारीच दिसली होती, आणि ती किती सोपी होती ते सांगून खरं वाटणार नाही.

"बरोबर होतं हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "माझं बटण बंद होतं. अंगठी पायाखाली असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. चला, बारा वाजायच्या आत पोचायला हवं."

७

सेवा केंद्र म्हणजे एक लांब खोली. भिंतीला बाक, बाकांवर काम मिळायची वाट बघणाऱ्या बायका, समोर नावांचा फळा. आत काचेच्या दाराची छोटी खोली. चिमणी बाकाच्या टोकाला होती. तिला काम नव्हतं, पण ती तीन दिवस रोज येऊन बसत होती, हे केंद्राच्या बाईंनी मला नंतर सांगितलं.

आम्हाला बघून बाई उठल्या. "या डॉक्टर, आत बसू. दार लावून घ्या."

"दार उघडं राहू द्या," चिमणी म्हणाली. ती जागची उठली नाही. "माझं नाव पुसलं तेव्हा उघडंच होतं."

डॉक्टरनं आधी सांगितलं, थोडक्यात. अंगठी त्याच्याच दवाखान्यातल्या कुंडीत सापडली, चूक झाली, माफी मागतो. माईंची अडचण त्यानं नीट झाकली. एवढंच म्हणाला की वय झालं, गोळ्या घ्यायचं टाळत होत्या. बाकावर कुजबुज झाली. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण यंत्र अजून माझ्या खांद्यालाच होतं. घरी ठेवून यायचं सुचलंच नव्हतं.

मी सांगितलं. यंत्र वापरायला मी शिकले नव्हते. लोक हसतात म्हणून एक बटण फिरवून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला सोनं ऐकूच येत नव्हतं. चिमणीनं मला विचारलं तेव्हा मला माहीत नाही हे मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं. तोंडानं नाही, मानेनं. व्रताच्या आड.

"म्हणजे बाई देवाचं करत होत्या म्हणून हिची भाकर गेली," बाकावरची एक म्हणाली. दुसरी हसली. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

केंद्राच्या बाईंनी खडू घेतला आणि चिमणीचं नाव फळ्यावर पुन्हा लिहायला लागल्या.

"थांबा," चिमणी म्हणाली. आता ती उठली. "गोळी मी हातात देत होते. माई म्हणायच्या पाणी आण, मी जायचे. परत आल्यावर रिकामा हात बघायचे. पन्नी कुठं टाकली ते कधी विचारलं नाही. तोंडात गोळी जाताना बघायची असते, ते आम्हाला इथं पहिल्याच दिवशी शिकवलंय. ती चूक माझी आहे. लिहायची तर तीही लिहा."

"अगं, ती कशाला आता?" बाई म्हणाल्या.

"केलेलं राहू द्या. न केलेलं तेवढं पुसा."

बाईंनी नाव लिहिलं, यादीत सगळ्यांत खाली. आधी ते वरून तिसरं होतं, असं फळ्यावरच्या पुसट पांढऱ्या खुणेवरून दिसत होतं. तिथं आता दुसरीचं नाव होतं.

डॉक्टर म्हणाला, "सोमवारपासून याल ना? माईंना सवय आहे तुमची."

"नाही, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "माईंना सांगा, मला राग नाही. त्यांची खाट न्हाणीघराच्या भिंतीला लावून घ्या, आणि दाराचा उंबरा काढा. वॉकर अडतो तिथं. मग गोळी घेतील." जरा थांबून म्हणाली, "आणि पुसायला जी येईल तिला म्हणावं, पुसताना काहीतरी बोल. इकडचं तिकडचं. मी गप्प राहायचे ते त्यांना बरं वाटावं म्हणून. माझं चुकलंच ते."

मग ती माझ्याकडे वळली. मी हात जोडले. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तिनंच आधी विचारलं.

"काकू, त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटलं होतं का मी घेतली?"

"नाही," मी म्हटलं. "एक क्षणही नाही."

तिनं ते ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मला तसं खरंच वाटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, असंच कदाचित तिच्या मनात आलं असेल. मलाही तेव्हाच तसं वाटलं.

ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि फळ्याकडे बघायला लागली. डॉक्टर रुग्णांसाठी निघून गेला. दाराशी बसलेल्या म्हातारीनं माझ्या खांद्यावरचं ओझं बघितलं, सरकून घेतलं आणि बाकावर हातानं थोपटून मला जागा दाखवली. मी बसले नाही. चिमणीचं नाव पुकारलं जाईपर्यंत तिथंच उभी राहिले. तिला काम मिळालं तेव्हा साडेतीन वाजले होते. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.